नारायण मेघाजी लोखंडे आणि विसरलेली पाचवी मागणी

(९ फेब्रुवारी : स्मृतिदिनानिमित्त)

१० सप्टेंबर २०२३, रविवार. ठाण्यात घोडबंदर रोडलगत बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे काम आटोपून कामगार खाली येत होते. बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात कामगारांचा जीव गेला. दोन-तीन दिवस बातम्या आल्या. त्यानंतर घोडबंदर रोड पुन्हा आपल्या ट्रॅफिकमध्ये अडकला.

आम्ही याच रस्त्यालगतच्या वस्त्यांमध्ये आणि मजूर नाक्यांवर काम करतो. त्या बातमीतला एक शब्द आमच्या मनातून जात नाही : रविवार. भारतातल्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी ज्यांनी मिळवून दिली, ते नारायण मेघाजी लोखंडे याच ठाण्यात जन्मले. त्यांच्या जन्मगावी, त्यांनी मिळवलेल्या सुटीच्या दिवशी, सात कामगार कामावर मेले. लोखंडेंचा स्मृतिदिन साजरा करताना नुसता हार घालून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्यांनी नेमके काय मागितले होते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

ठाण्यातले बालपण, गिरणीतली नोकरी

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब माळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. लोखंडे पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. रेल्वे आणि गिरणी या दोन गोष्टींनी कोकण-देशावरचा शेतकरी कामगार होऊन मुंबईत आला. लोखंडे ज्या माणसांसाठी पुढे आयुष्यभर लढले, तो वर्ग त्यांच्या बालपणीच जन्माला येत होता.

शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. नंतर मुंबईच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही जागा महत्त्वाची आहे. स्टोअरकीपर म्हणजे ना मालक, ना मागावरचा कामगार. मालाचा हिशेब त्याच्याकडे असतो आणि कामगार दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पगार किती उशिरा होतो, दंड किती कापला जातो, पट्ट्यात हात सापडलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून का दिसत नाही, हे लोखंडेंना कोणा पुस्तकातून कळले नाही. ते रोज त्यांच्यासमोर घडत होते.

त्या वेळची गिरणी म्हणजे काय, याचा विचार आजच्या तरुणाने करून पाहावा. वीज नव्हती, म्हणून दिवस उजाडला की काम सुरू आणि अंधारले की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. साप्ताहिक सुटी ठरलेली नव्हती. हवेत कापसाची तूस, दमट उकाडा, उघडे फिरणारे पट्टे आणि चाके. त्यात बायका होत्या, सात-आठ वर्षांची मुलेही होती. थकलेल्या माणसाचे लक्ष उडते आणि यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही. कामाचे तास आणि अपघात हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ही गोष्ट लोखंडे फार लवकर समजले होते.

सत्यशोधक आणि दीनबंधु

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्याचे मुंबईतले खंदे कार्यकर्ते झाले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात दीनबंधु हे वृत्तपत्र सुरू केले होते. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडेंनी ते मुंबईत आणले आणि स्वतः संपादक झाले. त्यासाठी त्यांनी चांगली नोकरी सोडली. शेतकरी आणि कामगार यांची बाजू मांडणारे हे पत्र त्यांनी अखेरपर्यंत चालवले.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. लोखंडे बौद्ध नव्हते, आणि त्यांना ओढूनताणून बौद्ध करण्याची गरजही नाही. पण बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानले, त्यांतल्या फुल्यांचे ते सहकारी. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्या सोहळ्याच्या आयोजनातही लोखंडे होते. आपल्या चळवळीच्या वंशावळीत कामगारांच्या नावापुढे पहिले नाव त्यांचेच लिहावे लागते.

कायदा कोणासाठी?

१८८१ मध्ये देशातला पहिला कारखाना कायदा आला. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्याआधी काही वर्षे त्यासाठी प्रयत्न केले होते. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. मात्र मोठ्या कामगारांसाठी, मग ती बाई असो की पुरुष, तासांची कोणतीही मर्यादा नव्हती.

असा दुबळा कायदासुद्धा अनेकांना नको होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा सलत होती, म्हणून ते इथे कायदा मागत होते, हे खरे आहे. तेवढे कारण दाखवून इथले मालक आणि अनेक राष्ट्रवादी पुढारी सांगत होते की, कारखाना कायदा म्हणजे स्वदेशी उद्योगावर घाला. या भांडणात कामगाराला कोणी विचारतच नव्हते. लँकेशायरचा स्वार्थ खरा होता, तसा मुंबईच्या कामगाराचा तुटलेला हातही खरा होता. देशाच्या नावाने कामगाराला गप्प बसवू नका, ही लोखंडेंची भूमिका होती. विकासाच्या नावाने आज जे गप्प बसवले जातात, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

सुपारीबाग, १८८४

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. लोखंडेंनी ही संधी साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. पाच हजार पाचशेहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. यातूनच बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना पुढे आली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले.

निवेदनात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत.

आणि पाचवी मागणी : कामावर गंभीर दुखापत झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

आम्ही समाजशास्त्र शिकताना लोखंडेंचे नाव एका ओळीत वाचले होते, तेही रविवारच्या सुटीपुरते. पाचवी मागणी आम्हाला खूप उशिरा भेटली. भेटली तेव्हा कळले की हे सुटीचे निवेदन नाही. कामाच्या जागी माणसाचा जीव आणि शरीर यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारणारा हा कागद आहे. पहिल्या तीन मागण्या अपघात होऊच नये म्हणून आहेत. पाचवी मागणी अपघात झाल्यावर कोण पैसे मोजणार, यासाठी आहे. जखमी कामगाराला पोसण्याचा खर्च मालकाच्या अंगावर आला, तरच यंत्राला कुंपण घालणे मालकाला स्वस्त वाटू लागते. आज आपण ज्याला सुरक्षा संस्कृती म्हणतो, तिचा पाया या एका वाक्यात होता.

संघटनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचे नोंदलेले सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. पण हजारो अक्षरशत्रू माणसांनी आपली तक्रार एका कागदावर आणून सरकारपुढे ठेवली, ही गोष्ट त्याआधी या देशात झाली नव्हती.

रविवार मिळाला

सहा वर्षे काही हलले नाही. लोखंडे लिहीत राहिले, सभा घेत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, उघड्या मैदानावर, दहा हजारांपुढे गिरणीतल्या बायका बोलल्या. सावित्रीबाईंनी शाळेचे दार उघडल्याला तेव्हा फक्त बेचाळीस वर्षे झाली होती. याच वर्षी विधवांचे केशवपन करायला नकार देणारा न्हाव्यांचा संप मुंबईत झाला, त्यामागेही लोखंडे होते. कामगाराचा प्रश्न आणि बाईचा प्रश्न त्यांनी वेगळा ठेवला नाही.

१० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी लेबर कमिशनवर मुंबईसाठी लोखंडेंना स्थानिक सहकारी सदस्य म्हणून घेण्यात आले. त्यातून १८९१ चा कारखाना कायदा आला. साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात लिहिली गेली. स्त्रियांना अकरा तासांची आणि मुलांना सात तासांची मर्यादा आली. मुलांचे किमान वय नऊ झाले.

पाचवी मागणी मात्र तशीच राहिली.

दंगल, प्लेग आणि शेवट

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गिरणगावातले कामगार एकमेकांच्या जिवावर उठले. लोखंडेंनी दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून धावपळ केली, राणीच्या बागेत ऐक्याची सभा घेतली. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. कोंदट चाळी, अंधारी खोल्या, एका खोलीत दहा-बारा माणसे, अशा वस्तीत रोग वणव्यासारखा पसरला. ज्यांना गाव होते ते शहर सोडून पळाले. लोखंडे पळाले नाहीत. प्लेगच्या रोग्यांसाठी काम करताना त्यांना त्याच रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नासही नव्हते. बरोबर महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. सत्यशोधकांची दोन माणसे, एकच रोग, एकच कारण.

मागणीचा पुढचा प्रवास

पाचवी मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडले. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. सुपारीबागेपासून तोवर चाळीस वर्षे लोटली होती.

पण गिरणीतला धोका सगळ्यांना सारखा नव्हता. विणकाम खात्यात धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. क्षयासारखा रोग पसरायला हे आमंत्रणच होते. पण रोगाची चर्चा मागे राहिली आणि विटाळाची पुढे आली. अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा चालणार नाही म्हणून जास्त पगाराचे विणकाम खातेच अस्पृश्यांना बंद होते. त्यांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात राहायचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते हे जात ठरवते, आणि कोणता धोका कोणाच्या वाट्याला येतो हेही जातच ठरवते.

हेच बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली, त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा घडला. १९४६ मध्ये आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. सुपारीबागेतल्या निवेदनाची वाट इथपर्यंत येते.

आजचा घोडबंदर रोड

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. माजिवडा, ढोकाळी, मानपाडा, कासारवडवली, ओवळा या पट्ट्यात एकेकाळी कंपन्या होत्या. आज तिथे टॉवर आहेत. कंपनीत निदान गेट होते, हजेरी होती, युनियनचा फलक होता. टॉवर बांधणाऱ्या माणसाला यातले काही नाही. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील त्याने टेम्पोत चढायचे. ठेकेदाराचे पूर्ण नाव पुष्कळदा माहीत नसते. टॉवर उभा राहिला की त्यात हाऊसकीपिंग, बारा तासांची सिक्युरिटी, डिलिव्हरी आणि सांडपाण्याची टाकी. मे २०१९ मध्ये ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया टाकी साफ करताना तीन सफाई कामगार गुदमरून मेले. माणसाला गटारात उतरवण्याला बंदी करणारा कायदा २०१३ पासून अस्तित्वात आहे. पलीकडे डोंबिवली एमआयडीसी मे २०१६ मध्ये स्फोटाने हादरली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा हादरली.

आमच्या परिचयातला एक तरुण परांचीवरून पडला. सेफ्टी बेल्ट नव्हता. ठेकेदाराने त्याला दवाखान्यात सोडले, हातात थोडे पैसे ठेवले आणि फोन बंद केला. घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली की नशिबातच होते. आम्ही तिच्याशी वाद घातला नाही, पण तो शब्द घेऊन परत आलो. बुद्धाने शिकवले की जे घडते त्याला कारण असते, आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो. पट्टा दिला नव्हता, जाळी बांधली नव्हती, चौदावा तास चालू होता. ही कारणे आहेत. नशीब हा शब्द आला की कारण शोधणे थांबते आणि ठेकेदार सुटतो.

सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत चाकराला त्याच्या ताकदीप्रमाणेच काम द्यावे, योग्य वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी आणि वेळोवेळी सुटी द्यावी, हे येते. लोखंडेंच्या पाच मागण्या शेजारी ठेवून पाहा. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी यादी जवळपास तीच आहे.

मग करायचे काय? हेल्मेटचे पोस्टर आणि सुरक्षा सप्ताहाची शपथ यांनी संस्कृती बदलत नाही. कामगार न घाबरता बोलू शकतो, तिथे ती बदलते. आमच्या अनुभवावरून काही साधी कामे सांगतो, जी प्रत्येक विहारातले तरुण करू शकतात.

वस्तीत कामावर झालेल्या प्रत्येक दुखापतीची वही ठेवा : तारीख, जागा, काय झाले, कोण कामाला घेऊन गेले. लोखंडेंची ताकद सह्यांत होती, आपली नोंदींत असेल. नव्या साइटवर गेल्यावर बाहेरच्या फलकाचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. त्यावर बिल्डरचे नाव असते. ठेकेदार पळाला तरी ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते, आणि हा दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो, हे घराघरात माहीत होऊ द्या. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. आणि टाकीत उतरायला, पट्ट्याशिवाय चढायला एकाने नकार दिला तर बाकीच्यांनी त्याच्या बाजूला उभे राहायचे, हे नाक्यावर ठरवून घ्या. एकट्याचा नकार म्हणजे उद्याचा रोजगार गेला. दहा जणांचा नकार म्हणजे पट्टा येतो.

लोखंडेंच्या नावाने २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. हे चांगलेच झाले. पण आपल्याकडे रविवारी विहारात वंदना होते, धम्मवर्ग होतो, मुले येतात. तो रविवार आपल्याला कोणी दिला हे त्या मुलांना सांगितले पाहिजे, आणि त्याच वेळी बाहेर परांचीवर कोण चढले आहे हेही विचारले पाहिजे. येत्या रविवारी वंदना संपल्यावर दहा मिनिटे काढा आणि ती वही सुरू करा.

नारायण मेघाजी लोखंडे यांना विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!